टाकीतला कापूस

बाबांना लकवा मारला त्यानंतर दीड वर्ष आमची फटफटी गोठ्याच्या कुडाला टेकून उभी होती. गोठा आपला म्हणायला, आत एक शेळी, तीही पुढं विकली, आणि बाकी सगळं जळण. मायनं गाडीवर जुनं बारदान टाकलं होतं, पण बारदानाखाली शिरून कोंबड्यांनी सीटचा स्पंज उकरला आणि तिथं अंडी घालायला लागल्या. माय रोज सकाळी सीटमध्ये हात घालून अंडी काढून आणायची. तिला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मला वाटायचं, आणि मला जे वाटतं ते मी पोटात ठेवू शकत नाही, तेव्हाही नाही आणि आज साठी उलटल्यावरही नाही. ‘ज्या सीटवर बाबा बसायचे तिथली अंडी मी खाणार नाही,’ असं मी एकदा ताटावरच म्हणाले होते. माय म्हणाली, नको खाऊ, आणि माझ्या पुढ्यातली वाटी उचलून बाबांच्या पुढ्यात ठेवली.

बाबा शाळामास्तर होते. आमच्या घराण्यात पाटीवर हात ठेवणारे तेच पहिले. आजा दुसऱ्याच्या वावरात राबून गेला, थोरले चुलते राबत होते, माय अजूनही वेचणीला, निंदायला जायची. बाबांची शाळा आदिलाबाद जिल्ह्यात, नेरडीगोंड्याच्या पलीकडे, हमरस्ता सोडून आत, डोंगराच्या पोटात होती. तिथली तेलुगू पोरं त्यांना पंतुलू म्हणायची, आमच्या गावात गुरुजी म्हणत. दोन्ही हाकांना ते सारखंच वळून बघायचे. शाळेला जायला बस नाही, सायकलनं घाट चढवत नाही, म्हणून जंगलखात्यातल्या एका बाबूकडून त्यांनी जुनी फटफटी घेतली. लाल टाकीची, दोन बाजूंना दोन सायलेन्सर. आमच्या वस्तीतली ती पहिली. गावातल्या ज्या रस्त्यानं आजा चपला हातात घेऊन चालला, त्याच रस्त्यानं बाबा रोज सकाळी फट फट करत जायचे. माय ही गोष्ट कधी बोलून दाखवत नसे. पण सकाळी गाडी निघाली की हातातलं काम टाकून ती दाराशी यायची आणि वळणापर्यंत बघत राहायची. संध्याकाळी हमरस्ता सोडून गाडी आत वळली की आवाज आधी यायचा, बाबा मागून. त्या आवाजावर ती तवा चुलीवर चढवायची. पहिली भाकर फुगते आहे तोवर बाबा हातपाय धुऊन पाटावर असायचे. अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकर आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा. ठेचा तिखट झाला नाही तर बाबा म्हणायचे, आज ठेचा आजारी हाये काय.

आता आदिलाबादजवळ मावल्याला माझ्या घरापुढून दिवसभर गाड्या जातात आणि एकीचाही आवाज ओळखू येत नाही. माझ्या चुलतभावाचा जावई जुन्या गाड्या दुरुस्त करायच्या नादाला लागला आहे. मोबाइलवर बघून करतो. मलाही दाखवतो. गंजलेली गाडी येते, पाच मिनिटांत उघडते, धुतली जाते, रंगवली जाते आणि मागं गाणं वाजत असताना चकाकत निघून जाते. मी त्याला म्हटलं, अरे, यात कोणीच चुकत कसं नाही? तो म्हणाला, आत्या, चुकलेलं कापून टाकतात. असो. माझं चुकलेलं मला कापून टाकता येत नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

लकवा सकाळचाच मारला. बाबा खडूचा डबा गाडीला बांधत होते आणि बांधता बांधता उजव्या अंगावर कलंडले. आदिलाबादला नेलं. जीव वाचला, उजवा हात-पाय गेला, आणि वाचा गेली. म्हणजे पूर्ण नाही गेली. एक शब्द उरला. ‘हाव.’ आमच्याकडे हो म्हणायचं असेल तर हाव म्हणतात. दिवसभर फळ्यापुढं उभं राहून बोलणाऱ्या माणसाजवळ एवढा एकच शब्द उरला. चहा देऊ का? हाव. नको का? हाव. झोपता का? हाव. उठवून बसवू? हाव. मानसुद्धा त्या शब्दाबरोबर खाली जायची. पहिले काही महिने आम्ही समजून घ्यायचा प्रयत्न केला. मग थकलो. गावातले लोक भेटायला यायचे, दोन-तीन प्रश्न विचारायचे, सगळ्यांना हाव ऐकून एकमेकांकडं बघायचे आणि बाहेर पडताना मायला हळूच म्हणायचे, शरीरानं वाचले पण डोक्यानं गेले बिचारे. मायनं ते मानलं. तिचं मन दगडाचं होतं म्हणून नव्हे. तिला वेचणीला जायचं असे, मग येऊन स्वयंपाक, मग बाबांचं सगळं अंथरुणातलं. आत माणूस आहे असं समजून एवढं करणं जड जातं, नाही असं समजून केलं की हात चालतात. हे मला आता कळतं. तेव्हा मी तिच्याशी भांडायची.

डॉक्टरांनी मऊ अन्न सांगितलं होतं, म्हणून बाबांना दोन्ही वेळा दूधभात. बाबांचा डावा हात सारखा वाडग्याला लागायचा, दूध सांडायचं. मग माय त्यांचा डावा हात आपल्या मांडीखाली दाबून धरायची आणि उजव्या हातानं भरवायची. लहान लेकराला भरवतात तसं. मीही कितीदा तो हात धरून बसले आहे.

त्या वर्षी कापूस घरात यायला लागला तेव्हा मोठेबाबा एक स्थळ घेऊन आले. मोठेबाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. बाबा पडल्यापासून आमच्या घरातला शब्द त्यांचा होता, आणि त्यांनी तो कधी वाकडा वापरला नाही, हे आधी सांगते. दोन पोती ज्वारी त्यांनी वाट्यानं केलेल्या वावरातून न मागता यायची. मुलगा बेल्लमपल्लीला कोळशाच्या खाणीत होता, राहायला क्वार्टर होतं, पहिली बायको गेली होती, एक लहान लेकरू होतं. वाईट स्थळ नव्हतं. मी एकोणीस वर्षांची, बारावी होऊन घरी बसलेली. मला मास्तरकीच्या ट्रेनिंगला जायचं होतं. बाबा पडायच्या आधी तेच ठरलं होतं आमचं, पण ते ठरवणारे बाबा आता कुठं होते? मोठेबाबांनी रीत सोडली नाही. ते बाबांच्या बाजेपाशी बसले, टोपी मांडीवर ठेवली आणि विचारलं, ‘किसना, पोरीचं बेल्लमपल्लीले करून देऊ का?’

बाबा म्हणाले, ‘हाव.’

झालं. बापानं हाव म्हटलं, असं मोठेबाबांनी सगळीकडं सांगितलं. वेचणी संपली की पाहुणे येणार, साखरपुडा उरकून घेणार. मी त्या दिवशी घर डोक्यावर घेतलं. म्हटलं, त्यांना आता विहिरीत ढकलू का असं विचारा, तेही हाव म्हणतील. मोठेबाबा रागावले नाहीत. ते म्हणाले, ‘मंग मी कोणाले इचारू, बाई? तूच सांग.’ बाबा आत असतील तर ते माझ्या बाजूचे आहेत एवढं मला पक्कं ठाऊक होतं. पण बाबा आत आहेत हे कोणाला, कसं दाखवायचं?

एक गोष्ट मी बघितली होती. रस्त्यावरून एखादी फटफटी गेली की बाबा मान वळवायचे. ट्रॅक्टरला नाही, जीपला नाही, फटफटीलाच. त्यावरून माझ्या मनानं घेतलं की आपली गाडी चालू झाली, तिचा तो आवाज यांच्या कानावर पडला, की हे परत येतील. आज लिहिताना हसू येतं, पण तेव्हा मी त्या खुळाला जीव लावून बसले होते. पाहुणे यायच्या आत गाडी चालू करायची. मायला सांगितलं तर ती म्हणाली, ‘मंग कोंबड्या अंडे कुठं घालतीन?’

गाडीचं मला अगदीच काही कळत नव्हतं असं नाही. रविवारी बाबा गाडी खोलून बसायचे तेव्हा पाने हातात देण्याचं काम माझं असे. शेतांमधल्या पांदीच्या वाटेवर त्यांनी मला चालवायलाही शिकवली होती, त्यावरून माय दोन दिवस बोलली नव्हती. मी गाडी ढकलत अंगणात आणली, बाबांची बाज तिच्या शेजारी ओढली, त्यांना उशीला टेकवून बसवलं आणि पाना हातात घेतला. पहिला नट जंगानं असा धरला होता की दीड तास गेला. रॉकेल सोडून, ठोकून, शिव्या देऊन तो निघाला. मी तो खाली टाकला. बाबांनी डावा हात लांब करून तो उचलला आणि बारदानावर एका कडेला ठेवला. पुढचा नट त्याच्या शेजारी. मग वायसर, मग स्प्रिंग. संध्याकाळपर्यंत बारदानावर एक ओळ तयार झाली, ज्या क्रमानं निघालं त्या क्रमानं मांडलेली. माझा जीव सुपाएवढा झाला. मोठेबाबांना बोलावून दाखवलं. ते उकिडवे बसले, खूप वेळ बघत राहिले आणि म्हणाले, ‘हाताची सवय हाये ते, बाई. वीस वर्षं तेच केलं त्यानं. डोक्स्याचं काम नाही ते.’ आणि मग बाबांना विचारलं, ‘किसना, ही ओळ मोडून टाकू का?’ बाबा म्हणाले, हाव. मोठेबाबांनी माझ्याकडं बघितलं आणि ते उठून गेले.

पण मी काम सोडलं नाही. सायलेन्सरमधली काजळी चुलीत तापवून काढली, प्लग घासला, ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटमधलं अंतर पोस्टकार्डाच्या जाडीनं लावलं, बाबा तसंच लावायचे. टाकी आतून सगळी जंगून गेली होती. तिच्यात चिंचेचं पाणी आणि मूठभर खडे घातले. ती मला एकटीला हलवेना. माय वेचणीवरून आली, पाठीवरचं ओझं उतरवलं, थोडा वेळ माझी धडपड बघितली, आणि येऊन टाकीची दुसरी बाजू धरली. आम्ही दोघी ती टाकी पाळण्यासारखी हलवत बसलो. खडे आत खळखळत होते. बाबा बघत होते. दीड वर्षात आम्ही तिघं एका कामावर बसलेलो ते पहिल्यांदा. तिसऱ्या दिवशी टाकीतून लाल पाणी यायचं थांबलं आणि आतला पांढरा पत्रा दिसायला लागला.

आता ती आतून कोरडी करायची होती, आणि तेल लागलेले सगळे भाग पुसायचे होते. फडकं लागणार. आमच्या घरात फडकं मिळणं सोपं नव्हतं. जुन्या लुगड्याची चिंधीसुद्धा माय गाठोड्यात बांधून ठेवायची, वाकळ शिवायला. चिंध्या मागितल्या तर हात तोडला असता. पण कापूस? मोठेबाबांच्या वावरातला कापूस आमच्या पुढच्या खोलीत खिडकीपर्यंत रचलेला. वेचणीच्या दिवसांत आमच्याकडं सगळ्यांच्याच घरी असतो. लोक कापसावर झोपतात, कापसात पोरं लपतात, वरणात तार निघते, केसांत बोंड अडकतं. एक ओंजळ घेतली तर कोण विचारणार? मी परातभर कापूस आणला, सरकी काढली, बोळे केले. तुरीच्या काडीला कापूस गुंडाळून टाकीच्या तोंडातून आत घातला आणि फिरवला. कार्बोरेटरसुद्धा त्याच कापसानं पुसला, आतल्या बारीक भोकांसकट. काय छान तेल टिपून घेत होता.

बाबांनी परात ढकलली. मी परत जवळ ओढली. त्यांनी परत ढकलली, या वेळी जोरानं, कापूस अंगणभर झाला. मी म्हटलं, काऊन? कापूस नको का? ते म्हणाले, हाव. मग पायजे? हाव. मी गोळा करून पुन्हा परातीत भरला, त्यांनी पुन्हा ढकलला. तोंडानं हाव, हाव, हाव. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. मी दिवसभराची थकलेली, पाहुण्यांना आठ दिवस उरलेले, आणि मोठेबाबांचं ते ‘डोक्स्याचं काम नाही’ कानात. माझा तोल गेला. मी ओरडले, की मदत होत नसेल तर निदान आडवे तरी येऊ नका, लोक म्हणतात तेच खरं आहे, तुम्ही उरलाच नाहीत. आणि त्यांची बाज तशीच ओढत घरात नेली, तोंड भिंतीकडं करून ठेवली. मग येऊन निवांत कापसानं टाकी पुसली. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. लिहिताना लाज वाटते, पण बाबांना भिंतीकडं तोंड करून ठेवणारी मीच होते, दुसरं कोणी नाही.

दोन दिवसांनी गाडी चालू झाली. किती किक मारल्या त्याला गणती नाही, नडगी सुजली होती. आधी एक फट् आली, मग धूर, मग तो आवाज. माय पिठाचे हात घेऊन बाहेर आली आणि दाराशी उभी राहिली, पूर्वी राहायची तशीच. मी आत धावले. बाबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मोठेबाबाही आले होते. त्यांच्यासमोर मी गुडघ्यावर बसून विचारलं, बाबा, हे लग्न मला नको आहे, तुम्हाला पाहिजे का? बाबांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, हाव. त्यांचा डावा हात मी माझ्या दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला होता.

बाहेर गाडी चालू होती. मी जाऊन बंद केली. मोठेबाबा माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेले, तोही मला नकोसा झाला.

पाहुण्यांच्या चहासाखरेला नेरडीगोंड्याला जायचं काम चार दिवसांनी माझ्यावरच आलं. म्हटलं, गाडीनंच जाते, आता दुसरा उपयोग काय तिचा. पांदीतून नीट गेली. हमरस्त्याला लागल्यावर आचके द्यायला लागली, घाटाच्या पायथ्याशी, नेरडीगोंड्याच्या अलीकडंच, पार बंद पडली. ढकलत ढकलत उस्तादाच्या टपरीपर्यंत नेली. उस्ताद म्हणजे स्टँडजवळचा म्हातारा मिस्त्री, बाबांची गाडी एवढी वर्षं त्यानंच सांभाळलेली. त्यानं आधी बाबांची तब्येत विचारली. मग कार्बोरेटर काढला, आतलं सुईच्या टोकाएवढं भोक उजेडाला धरलं, फुंकलं, पुन्हा धरलं, आणि बारीक तारेनं आतून काहीतरी ओढून काढलं. नखावर ठेवून मला दाखवलं. पांढरा तंतू होता.

‘रूई है ये, बेटी,’ तो म्हणाला. मग त्यानं टाकीतलं पेट्रोल बाटलीत काढलं. त्यात तसेच कितीतरी तंतू तरंगत होते. तो हसला नाही. म्हणाला, तुमच्याकडची माणसं कापसानं पुसतात, दर हंगामात दोन-चार इंजिनं माझ्याकडं येतात, शेतातल्या पंपाचीसुद्धा. पंतुलू साहेब मात्र मला इथंसुद्धा कापूस लावू द्यायचे नाहीत, घरून धुतलेलं फडकं खिशात घेऊन यायचे. मग त्यानं सहज विचारलं, ‘तू पुसते वखत वो बाजू में नई थे क्या? वो रोके नई तेरेकू?’

मी तिथंच टपरीच्या फळीवर बसले. बाजूलाच होते. रोकलं होतं. तीनदा रोकलं होतं, कपाळाला घाम येईपर्यंत. त्यांचं तोंड हाव म्हणत होतं आणि हात नको म्हणत होता, आणि मी त्यांच्या तोंडाचं ऐकलं. तोंड त्यांच्या ताब्यात राहिलं नव्हतं. हात होता. तो डावा हात दीड वर्ष बोलत होता आणि आम्ही तो मांडीखाली दाबून धरत होतो. पुढं कितीतरी वर्षांनी हैदराबादच्या एका डॉक्टरबाईंनी मला सांगितलं की अशा दुखण्यात एखादाच शब्द उरतो आणि तो मनाविरुद्धही निघतो, माणसाला बाकी सगळं कळत असतं. मला ते तिथं, टपरीवर कळलं. उस्तादानं पाणी दिलं, ते प्यायलाही मला सुचलं नाही.

चहासाखर न घेताच घरी आले. माय बाबांना भरवत होती. वाडगा, चमचा, आणि बाबांचा डावा हात मांडीखाली. मी म्हटलं, माय, हात सोड त्यांचा. ती म्हणाली, सांडतात ते. मी तिच्या हातातून वाडगा काढून घेतला आणि त्यांचा हात मोकळा केला. बाबांच्या समोर बसले आणि विचारलं, ‘बाबा, तुमाले दूधभात पायजे?’

‘हाव,’ बाबा म्हणाले. आणि डाव्या हातानं वाडगा दूर सारला.

‘भाकर पायजे?’

‘हाव.’ हात मांडीवर आला आणि तसाच राहिला.

‘तुमी त्या दिवशी कापूस नको म्हणून सांगून राह्यले होते का मले?’

‘हाव,’ बाबा म्हणाले. हात हलला नाही. डोळे माझ्यावरून हलले नाहीत.

मी त्यांच्या पायाशी डोकं ठेवलं आणि जे रडले ते रडले. मायला आधी काही कळेना. मग मी तिला सांगितलं, तूच विचार. तिनं विचारलं, उशी उंच पायजे का, खिडकी लावू का, शेळी विकली ते बरं केलं ना. एकेक प्रश्न ती विचारत गेली आणि एकेका उत्तरानं तिचा चेहरा उतरत गेला. दीड वर्षात आम्ही बाबांचं जे जे त्यांच्या ‘हाव’वर केलं होतं त्यातलं निम्मं त्यांच्या मनाविरुद्ध होतं. शेवटी ती वाडगा घेऊन उठली आणि चुलीपाशी पाठ करून बसली.

मोठेबाबांना बोलावून आणलं. त्यांना मी आधी काही समजावलं नाही. फक्त म्हटलं, तोच प्रश्न पुन्हा विचारा आणि या वेळी तोंडाकडं नका बघू. ते जुन्या वळणाचे, त्यांना हा पोरखेळ वाटला असणार, पण बसले. टोपी मांडीवर ठेवली. ‘किसना, पोरीचं बेल्लमपल्लीले करून देऊ का?’ बाबा म्हणाले, हाव, आणि त्यांचा हात मांडीवरून उठून मोठेबाबांच्या छातीला लागला आणि त्यांना मागं लोटायला लागला. मोठेबाबा मागं सरले नाहीत. पुन्हा विचारलं, मुद्दाम उलटं करून, की मग शिकू देऊ का तिला. हाव. हात खाली आला आणि शांत राहिला. मोठेबाबांनी तेच आणखी दोनदा विचारून घेतलं, कोर्टात विचारतात तसं. मग त्यांनी बाबांचा तो हात आपल्या गालाला लावला.

‘मी इतके दिवस याच्या तोंडालेच इचारून राह्यलो होतो,’ ते म्हणाले. ‘याले इचारलंच नाही.’ दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं ते स्वतः बेल्लमपल्लीला गेले आणि दोन्ही हात जोडून स्थळ मोडून आले. त्या माणसाचं पुढं चांगलं झालं, असं ऐकलं. मी उन्हाळ्यानंतर आदिलाबादला ट्रेनिंगला गेले.

पण त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. मोठेबाबा गेल्यावर घरात आम्ही तिघंच उरलो. मायनं चूल पेटवली होती, पीठ मळून ठेवलं होतं, पण ती भाकर थापत नव्हती. मी म्हटलं, अगं, बाबांनी भाकर मागितली आहे. ती उठली आणि बाबांच्या बाजेपाशी येऊन उभी राहिली. दीड वर्ष ज्यांचं अंग पुसलं, कपडे बदलले, त्या माणसासमोर तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. नव्या नवरीसारखी अवघडली होती. मग ती खाली बघत म्हणाली, ‘तुमाले माह्यावर राग हाये का?’

‘हाव,’ बाबा म्हणाले.

आम्ही दोघींनी त्यांच्या हाताकडं बघितलं. मी मनात म्हणत होते, उचला, बाबा, लोटा तो प्रश्न दूर. हात मांडीवर होता. मायनं वाट बघितली. हात हलला नाही.

‘लय?’ तिनं विचारलं.

‘हाव.’ हात तसाच.

मला वाटलं, आता ही कोसळते. मी तिला धरायला उठले. पण मायनं पदरानं तोंड पुसलं आणि दीड वर्षात पहिल्यांदा बाबांच्या डोळ्यांत नीट बघितलं. तिचा चेहरा मोकळा झाला होता.

‘रागवा मंग,’ ती म्हणाली. ‘रागवायले माणूस लागते. मले वाटलं होतं, मी एकलीच हावो घरात.’